वाटेचा सर्व्हर

भात झोडायला लागलं की आमच्या गावात हवेलाही खाज सुटते. खळ्यावरून उडालेलं बारीक तूस मानेवर बसतं, ओढणीत अडकतं, चहावर तरंगतं. कडावकडून येणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पेंढ्याचा वास असतो, उन्हात तापलेला, थोडा गोड आणि थोडा कुबट. बाकीच्यांना या वासाने सुगी आठवते, करंज्या आठवतात. मला यंदा पहिल्यांदा आठवला तो एक पंखा. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत ठेवलेल्या संगणकाच्या पोटातला, तळहाताएवढा. गेल्या सुगीत त्याच्या पात्यांवर तूस साचलं आणि तो घरघरायला लागला. मी त्याला कान लावून बसले होते, कारण त्या दिवसांत मला कुठल्याही घरघरीचा संशय येत असे.

शाळेत फळ्यावर रोज सुविचार असायचा आणि त्यात संशयाला नेहमी वाईटच म्हटलेलं असायचं. संशयाने नाती तुटतात, संशयाने मन कुजतं. आमच्या घरची शिकवण उलटी. बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं वाटायचे. कर्जतच्या छापखान्यातून गठ्ठा यायचा, गुलाबी नाहीतर पिवळ्या पातळ कागदाचा, शाई इतकी ओली की घड्या घालताना बोटं काळी व्हायची. अक्षरं ओळखायला मी त्या कागदांवर शिकले. मला वाचता आलेला पहिला शब्द ‘आई’ नाही, ‘जाहीर’ आहे. आणि वाचनाचा पहिला धडा बाबांनी दिला तो असा, की पत्रक वरून वाचायचं नाही, खालून वाचायचं. प्रकाशक कोण, छापलं कुणी. खाली नाव नसेल तर वर काय लिहिलंय त्याला भुलायचं नाही, त्यात भाकरी गुंडाळायची.

मी आजही सगळं खालूनच वाचते. माणसंसुद्धा.

आमच्या आळीच्या मागून एक वाट ओढ्याकडे जाते. ‘जाते’ म्हणायचं की ‘जात होती’, यावरूनच तर सगळं भांडण. दोन बांधांच्या मधून निघायची, ऐनाच्या झाडापाशी वळायची आणि ओढा ओलांडून आमच्या स्मशानाशी थांबायची. बायका तिने गवताचे भारे आणायच्या, म्हशी तिनेच पाण्याला जायच्या, पोरं खेकड्यांना. नकाशात ती कधीच नव्हती. ती फक्त पायांना ठाऊक होती. मधली जमीन विकली गेली, विकत घेणाऱ्या मुंबईच्या शेठने पांढऱ्या भिंतींचा बंगला बांधला, आणि मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता तारेचं कुंपण आलं. कुंपणावर ‘खाजगी मालमत्ता’. आम्ही तहसील कचेरीत अर्ज दिला, तेव्हा शेठच्या वकिलाने लेखी उत्तर दिलं की इथे वाट कधी नव्हतीच.

नसलेली वाट सिद्ध कशी करायची? ती चाललेल्या माणसांनी सांगायचं, एवढाच मार्ग. पण चाललेली माणसं कुठे होती? निम्मी आळी अंबरनाथला, बदलापूरला, पनवेलला पांगलेली. त्यांना एकेका तारखेला कर्जतला आणायचं कसं? आणि जी गावात होती, त्यांत भागाआत्यासारखी, जिला कर्जतच्या कचेरीची पायरी चढायलाच नको.

भागाआत्या बाबांची चुलत बहीण. माहेर वरच्या आळीत, सासर खालच्या, त्यामुळे सासरी जाताना रडायची संधीच मिळाली नाही, असं ती स्वतः सांगते. तिच्या नवऱ्याला त्या वाटेने नेलं होतं. कुंपण आल्यावर ती एकदाच तारेपाशी जाऊन उभी राहिली आणि घरी येऊन बाबांना म्हणाली, मला डांबरी रस्त्याने फिरवून नेऊ नका, त्याच्याकडं त्याच वाटेनं न्या. आजारी वगैरे काही नव्हती. भाजी आणायला सांगावी तसं सांगून ती निघून गेली. पण त्या दिवसापासून कुंपणाचा प्रश्न आमच्या घरात तिच्या नावाने ओळखला जायला लागला. बाबा अर्ज लिहायला बसले की आई विचारायची, भागाचं कुठवर आलं?

सर्व्हरची कल्पना विशालदादाची. तो माझ्या मावशीचा मुलगा, खालापूरला राहतो, टोलनाक्याच्या पलीकडच्या एका गोदामात संगणकावर मालाची आवकजावक बघतो. तो म्हणाला, लोकांना इथं आणायचं कशाला, जिथं हायत तिथून लिहू दे. मोबाइलवर. मी विचारलं, आणि ते लिहिलेलं राहणार कुठे? तो म्हणाला, ढगात ठेवू. मी म्हटलं, ढग कुणाच्या मालकीचा? तो हसला, पण मी विनोद केला नव्हता. ज्याला ढग म्हणतात तो शेवटी कुणाच्या तरी जमिनीवरचा, कुणाच्या तरी कुंपणातला संगणकच असतो. आमची वाट एकाच्या कुंपणात गेलेली असताना तिच्या आठवणी दुसऱ्याच्या कुंपणात ठेवायला मी तयार नव्हते. म्हणून मग एका कॉलेजने काढून टाकलेला जुना संगणक आला, केबलवाल्याकडून इंटरनेटचा कायमचा पत्ता मागून घेतला आणि समाजमंदिराच्या मागच्या खोलीत, भाताच्या कणग्यांच्या आणि पंगतीच्या पातेल्यांच्या शेजारी, आमचा सर्व्हर मांडला गेला.

सर्व्हर म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. कुणी पान मागितलं की काढून देणारा संगणक. नुसती पानं वाटायची तर तेवढ्यावर भागतं. पण आम्हाला लोकांचं लिहिलेलं घ्यायचं होतं, त्यासाठी मध्ये स्क्रिप्ट लागते, आणि घेतलेलं सांभाळायला डेटाबेस. बाबांना मी असं सांगितलं, की पहिला म्हणजे पत्रक वाटणारा, दुसरी म्हणजे लोक काय म्हणतात ते ऐकून घेणारी, आणि तिसरा म्हणजे ते विसरू न देणारा. बाबांनी चष्मा कपाळावर सारला आणि विचारलं, हे तिघं आपापसात काय बोलतात ते आपल्याला ऐकू येतं का? मी त्यांचीच मुलगी, हे अशा वेळी पटतं. तोच प्रश्न मला आधीपासून छळत होता.

दुपारी खळ्यावर झोडणीचा ठप ठप आवाज चालू असायचा आणि आत आम्ही दोघं काळ्या पडद्यासमोर. विशालदादा रविवारी मोटारसायकलवरून यायचा, सोबत खालापूरचा वडापाव. त्याने एक ओळ लिहिली की पडद्यावरून भराभर ओळी पळायच्या, आणि मी म्हणायचे, थांब, हे काय आलं आत? तो म्हणायचा, लागतं ते. मी विचारायचे, कुणाला लागतं? असं करत करत एकदाचं पहिलं पान उमटलं. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एकच वाक्य, चालतंय अशा अर्थाचं. मी बाबांना हाक मारली. त्यांनी वाक्य वाचलं, नेहमीप्रमाणे खाली बघितलं, तिथे कुणाचंच नाव नव्हतं. ‘चालतंय, पण कुणाचं?’ एवढंच म्हणून ते पुन्हा खळ्यावर गेले.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट मला कुठल्याही पत्रकाने सांगितली नव्हती, ती त्या काळ्या पडद्याने सांगितली. तिथे प्रत्येक कागदाला, म्हणजे फाइलला, तीन परवानग्या असतात. वाचणे, लिहिणे, चालवणे. आणि त्या तीन प्रकारच्या लोकांना वेगवेगळ्या दिलेल्या असतात. मालक, गट आणि इतर. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा हात कीबोर्डवरून खाली आला. मालक, गट आणि इतर. ही गावाची रचना आहे. आमच्या आळीने पिढ्यांमागून पिढ्या ‘इतर’ या खणात काढल्या. वाचणे नाही. लिहिणे नाही. चालवणे सोडा, चालणेसुद्धा विचारून. हे तंत्र बनवणाऱ्यांनी आमचं गाव बघितलेलं नव्हतं, तरी त्यांनाही हाच शब्द सुचला. जगात कुठेही काही रचायला घेतलं की एक ‘इतर’ लागतोच, असं दिसतं.

स्क्रिप्ट चालेना, तेव्हा विशालदादाने वैतागून सगळ्यांना सगळं देऊन टाकलं. मालक, गट, इतर, सगळ्यांना वाचणे, लिहिणे, चालवणे. स्क्रिप्ट लगेच चालली. माझ्यासारखीला तर ही ओळ जाहीरनाम्यासारखी वाटायला हवी होती. पण मला ती आवडली नाही. सगळ्यांना सगळं, म्हणजे शेठच्या माणसालाही भागाआत्याच्या शब्दावर बोळा फिरवता येणार. ज्याच्या हातात आधीच सगळं असतं, त्याला सगळं देणं म्हणजे समता नव्हे. आम्ही त्यावर बराच वेळ भांडलो आणि शेवटी ठरलं ते असं, की वाचणे सगळ्यांना, कुणालाही, शेठलासुद्धा. लिहायचं मात्र एकाच दारातून, फॉर्ममधून. आणि एकदा लिहिलेलं पुसायची परवानगी कुणालाच नाही, आम्हालाही नाही. विशालदादा म्हणाला, मूळ पासवर्ड ज्याच्याकडं असतो त्याला सगळंच करता येतं, ते नियम त्याला नसतात.

तो पासवर्ड त्याच्याकडे होता.

आता हे लिहिणं अवघड आहे, पण लिहिते. विशालदादा ज्या गोदामात काम करतो तिथल्या कंत्राटदाराचा भाऊ शेठच्या बंगल्याचा मॅनेजर. ही गोष्ट त्यानेच मला कधीतरी चहा पिताना सहज सांगितली होती. लपवायचं असतं तर सांगितली नसती, हेही मला कळत होतं. तरीही एका रविवारी मी त्याला म्हणाले, पासवर्ड माझ्याकडे दे.

‘संशय हाय का तुझा माझ्यावर?’ त्याने विचारलं.

‘हाय.’

तो वडापावचा कागद चुरगाळत राहिला. बाहेर कुणीतरी पेंढा रचत होतं, त्याची सळसळ ऐकू येत होती. मग त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला, म्हणाला, बदल, मी तिकडं बघतो. आणि खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. मी नवा पासवर्ड टाकला. त्याने पाठमोऱ्यानेच सांगितलं, ‘प्रज्ञे, आता बिघडलं का मध्येच फोन करायचा नाय. आईला सांग, पोरीनं भावाला नाक्यावर उतरवला.’

मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. संशय माणसावर नव्हता, तो जिथे बसला होता त्या खुर्चीवर होता. त्या खुर्चीवर मी बसले तर तो माझ्यावरही घ्यायला हवा. म्हणून तोच पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून, पाकीट चिकटवून मी भागाआत्याच्या ट्रंकेत ठेवायला दिलं. तिला वाचता येत नाही. विशालदादाला हे कळलं तेव्हा तो खूप हसला. म्हणाला, तिजोरी चांगली निवडलीस, किल्ली हाय पण कुलूप कुठं हाय ते तिला ठावं नाय.

गावातली पहिली आठवण आत्याचीच घ्यायची, हे ठरलेलं होतं. ती आली ती कामाच्या मधूनच, केसांत तूस, कमरेला विळा. लाकडी खुर्चीत बसायला तयार होईना, पातेलं पालथं घालून त्यावर बसली. तिने सांगायला सुरुवात केली आणि मी टाइप करत राहिले. लग्नात तिला ऐनापाशी ठेच लागली होती. म्हैस व्यायला झाली की वाटेत बसायची त्या जागी गवत जास्त हिरवं असायचं. नवरा दारू पिऊन आला की गावातून न येता त्या वाटेने यायचा, कुणी बघू नये म्हणून, आणि तिला तो ओढ्यात पाय धुताना आवाजावरून कळायचा. त्याला नेलं त्या दिवशी ती बांधापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. धूर वर गेला तेव्हा परत फिरली. हे सगळं तिने पापणी न हलवता सांगितलं. मी ‘साठवा’ दाबलं. मग तिला दाखवायला तेच पान उघडलं.

पडद्यावर प्रश्नचिन्हं होती. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. शब्दाएवढी प्रश्नचिन्हं, मग मोकळी जागा, मग पुन्हा प्रश्नचिन्हं. तिचं लग्न, म्हैस, ओढा, धूर, सगळं.

विशालदादाचं म्हणणं मला फोनवर कळलं. फोन करायचा नाही असं बजावूनही त्याने उचलला होता. डेटाबेसची पेटी आपण जशी मिळाली तशी मांडली, तिला फक्त परदेशी अक्षरं ठाऊक होती. जे अक्षर तिला ओळखता येत नाही त्याच्या जागी ती प्रश्नचिन्ह ठेवते, आणि मूळचं टाकून देते. मी विचारलं, परत काढता येईल? तो म्हणाला, नाही. तिने ते कधी ठेवलंच नाही.

मला त्या पेटीचा जेवढा राग आला तेवढा शेठचाही कधी आला नव्हता. शेठ निदान कुंपण घालतो, ते दिसतं. ही नम्रपणे घेते, साठवलं म्हणून सांगते, आणि आपल्याला न कळलेल्या माणसाच्या जागी प्रश्नचिन्ह उभं करते. आमच्याविषयी लिहिलेले किती कागद असेच भरले गेले असतील? आम्ही सांगितलं काय आणि उरलं काय? आणि त्यात भर म्हणजे नुसती एक ओळ आधी लिहिली असती, मराठी ओळख म्हणून, तर तिने सगळं नीट ठेवलं असतं. तिला शिकवायला हवं होतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. पेटी बनवणाऱ्याला त्याची कधी गरजच पडली नसणार.

ती ओळ लिहिली. पण आत्याला पुन्हा बोलवायला गेले तेव्हा ती भात पाखडत होती आणि तिने मान वर केली नाही.

‘येकदा सांगितलं ना गं? परत कशाला इचारतेस?’

मी सांगितलं, मशीनने नीट घेतलं नाही.

‘दोन डाव सांगितलं का दोन गोष्टी व्हतात. येका डावाला ठेच डाव्या पायाला लागंल, दुसऱ्या डावाला उजव्या. मग वकील म्हनंल, म्हातारी खोटी.’

मी तिची समजूत घालायला लागले, तेव्हा तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, त्या पानावर वरती जाड अक्षरात काय लिवलंय? मी वाचून दाखवलं. आपला जबाब नोंदवा. विशालदादाने असंच लिहिलं होतं, आणि माझ्याही डोळ्यांना ते खटकलं नव्हतं. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला तो शब्द भारदस्त वाटला होता. आत्या मात्र उठलीच. तरुणपणी लाकडाच्या मोळीवरून कुठल्याशा कचेरीत तिचा एकदा जबाब झाला होता. तिने सांगितलं एक, वाचून दाखवलं दुसरं, आणि अंगठा तिचा. तेव्हापासून ती कुणालाही जबाब देत नाही. ‘आठवन सांगीन,’ ती म्हणाली, ‘जबाब देनार नाय.’

तेव्हा मला उमगलं की फॉर्म दोन आठवडे रिकामा का होता. अंबरनाथच्या लोकांना दुवा गेला होता, त्यांनी फोनवर जय भीमही केला होता, भरतो म्हणाले होते, आणि एकानेही काही लिहिलं नव्हतं. मी त्यांना नावं ठेवली होती, शहरात गेले आणि विसरले म्हणून. ते विसरले नव्हते. वर तो शब्द बसला होता.

मग शब्द शोधायला आम्ही बसलो. बाबा म्हणाले निवेदन, विशालदादा म्हणाला साक्ष, मी म्हटलं आठवण. आत्याला एकही पसंत पडेना. शेवटी वैतागून मी विचारलं, तुला कसं विचारलं तर सांगशील? ती म्हणाली, ‘सरळ इचार की. तुमी ह्या वाटेनं कवा गेलाव? ह्याला उत्तर हाय माज्याकडं.’ तेच वर लिहिलं, जसंच्या तसं. बाबांना ते आवडलं नाही. अर्जाला जोडायच्या गोष्टीत शुद्ध भाषा हवी, नाहीतर समोरचा हसतो, हा त्यांचा जुना धाक. मी म्हटलं, हसू दे, हसायला तरी त्याला वाचावं लागेल. डेटाबेसच्या आतल्या रकान्याचं नावही जबाब होतं, तेही मी बदलायला लावलं. विशालदादा म्हणाला, आतलं कोन बघतंय? मी म्हटलं, मी बघते.

आत्याने पुन्हा सांगितलं. ठेच या वेळी खरंच दुसऱ्या पायाला लागली. मी तशीच लिहिली.

आणि मग आठवणी आल्या. सुगी संपत आली होती, शेतं मोकळी पडली होती, कुठे कुठे वाल पेरत होते, सकाळी ओढ्यावर धुकं बसायचं, आणि मी दात घासायच्या आधी जाऊन मशीन बघायचे. पनवेलच्या एका बाईंनी लिहिलं की त्या घरच्यांशी भांडून याच वाटेने निघून गेल्या आणि ओढ्यापाशी भूक लागली म्हणून परत आल्या. बदलापूरच्या एका रिक्षावाल्याने फक्त खेकड्यांविषयी लिहिलं, कुठल्या दगडाखाली कोणता, अगदी वंशावळ. एकाने लिहिलं, आई गेली तेव्हा मी लहान होतो, वाट आठवत नाही, वडिलांच्या खांद्यावरून ऐनाचा शेंडा दिसला तो आठवतो. कुणी लिहिलं वाट ऐनाच्या डावीकडून, कुणी उजवीकडून. विशालदादा म्हणाला, हे एकसारखं करायला पाहिजे, नाहीतर तोंडघशी पडू. मी पडू दिलं असतं, पण हात लावू दिला नाही. सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या निघाल्या असत्या तर मीच संशय घेतला असता.

नावाचा प्रश्न मात्र मला सोडवता आला नाही. बाबांचा नियम, खाली नाव हवंच. पण आमच्या आळीतल्या कित्येक बायका शेठच्या नाहीतर तशाच दुसऱ्या पांढऱ्या भिंतींच्या बंगल्यांत झाडूपोछा करतात. त्यांनी नाव लिहायचं कसं? शेवटी फॉर्ममध्ये एक खूण ठेवली, नाव दाखवायचं की नाही. बाबा त्या बिननावाच्या आठवणी सगळ्यांत शेवटी वाचतात, हे मी पाहिलंय. मीही त्या वाचताना थांबते. एक बाई लिहिते, रोज ज्या फरशीवरून मी फडकं फिरवते तिच्याखाली आमची वाट आहे. खाली नाव नाही. भाकरी गुंडाळायची का यात?

सर्व्हर येणाऱ्याजाणाऱ्याची खूण ठेवतो. हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं, की कुणीतरी पुन्हा पुन्हा एकच पान उघडतंय. आत्याचं. सकाळी, दुपारी, आठवड्यामागून आठवडे. कोण ते कळायला मार्ग नव्हता. माझा अंदाज पक्का होता. मी आत्याला सांगितलं, ते लोक तुझंच वाचतायत, चुका शोधतायत, आपण ते पान लपवूया. तिने विचारलं, वाचायलाच लिवलंस ना? मग वाचू दे. मी पान लपवलं नाही, पण पटलं म्हणून नव्हे. पुढच्या तारखेला शेठच्या वकिलाच्या हातात छापील कागद होते आणि त्यांत ठेचेची ओळ लाल पेनाने अधोरेखित होती. म्हणजे माझा संशय खरा होता. वकील म्हणाले, ही म्हातारी दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगते. पण पानावर तर एकच गोष्ट होती, पहिली प्रश्नचिन्हांत गेली होती. ती हरवलेली पहिली ठेच त्यांना कुठून कळली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ठेचेने पाय बदलला हे आत्या, बाबा, विशालदादा आणि मी, आम्हा चौघांनाच ठाऊक होतं. मी अजून शोधते आहे. की नुसताच अंदाजाने मारलेला खडा होता? वकिलांचे खडे कधी कधी लागतात. पासवर्ड मी पुन्हा बदलला.

यंदा भात पुन्हा खळ्यावर आलंय. खोलीच्या खिडकीला मी या वेळी आधीच ओलं फडकं बांधलं, रंगाच्या कुंचल्याने पंख्याची पाती साफ केली. उंदरांनी एक वायर कुरतडली होती, ती विशालदादाने येऊन जोडली. पासवर्ड मी टाकला, तो आपण होऊन भिंतीकडे बघत उभा राहिला. आता ती आमच्यात एक रीतच झाली आहे. आणि परवा, झोडणी थांबवून सगळे बांधावर जमले, कारण स्थळपाहणीला मंडळ अधिकारी मॅडम आल्या होत्या. निकाल अजून हातात आलेला नाही, येईपर्यंत मी कशावरच विश्वास ठेवणार नाही, पण परवाचं लिहून ठेवायला हवं.

शेठ आला नव्हता, मॅनेजर होता. त्याने आधी तेच सांगितलं, वेबसाइटवर कोणीही काहीही लिहितं. मॅडम म्हणाल्या, मी वाचली आहे. त्यांचा आवाज सरळ होता, त्यातून काही कळत नव्हतं. मग त्या तारेच्या कडेकडेने ऐनापर्यंत गेल्या, परत आल्या, ओढ्याकडे बघत राहिल्या. मॅनेजरचा सूर बदलला. तो म्हणाला, वाट होती असं आम्ही म्हणत नाही, पण माणुसकी म्हणून एक माणूस जाईल एवढी फट आम्ही कुंपणात ठेवतो. कुणालाही अडवणार नाही, लिहून देतो.

आमच्यात चुळबुळ झाली. बाबा थकले होते, वर्षभर अर्ज लिहून त्यांची बोटं आखडली होती. त्यांच्या चेहऱ्यावर मला होकार दिसला. गवताचा भारा उभा करून निघाला असता, म्हशी दुसरीकडून गेल्या असत्या. मी तोंड उघडणार, तोवर भागाआत्या पुढे आली. तिने मॅनेजरकडे बघितलंही नाही, मॅडमशी बोलली.

‘येका मानसापुरती फट म्हनतोय त्यो. मी तवा काय चालत जानार हाय का?’

मॅडमनी पिशवीतून टेप काढला आणि विचारलं, चार खांदेकऱ्यांना किती रुंदी लागते? हे कुणालाच सांगता येईना. कोण मोजून ठेवतं? मॅनेजर हळूच म्हणाला, त्या वेळेला बघून घेऊ. मॅडम म्हणाल्या, नाही, आत्ता बघू, करून दाखवा.

पेंढ्याची उडवी रचायचे दोन लांब बांबू खळ्यावर पडले होते. बाबांनी एक टोक धरलं, विशालदादाने दुसरं, शेजारच्या कुणीतरी तिसरं. चौथा माणूस पुढे येईना, जिवंत माणसाच्या समोर तो बांबू खांद्यावर घ्यायला सगळे कचरत होते. मग मी घेतला. पेंढ्याने तो गुळगुळीत झाला होता आणि खांद्यावर अपेक्षेपेक्षा जड लागला. मॅडमच्या शिपायाने तार दोन खांबांवरून सोडली. आम्ही दोघं पुढे, दोघं मागे, असे आत शिरलो. मॅडम टेप धरून कडेने चालत होत्या आणि मी त्यांना म्हणाले, आकडा मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. त्यांनी वाचला. मॅनेजरलाही ऐकू गेला.

ऐन मागे पडला. उतार लागला. मागून भागाआत्या विळा कमरेला तसाच ठेवून येत होती, आणि तिचा आवाज आला, रोज म्हशीमागे ओरडते तसा.

‘सावकाश रं. वढ्यापाशी निसरडं हाय, पाडाल मला.’

बांबू रिकामे होते. तरी आम्ही चौघांनी पावलं हळू केली.